स्वच्छ रक्त

आमच्या दोघांपैकी कुणी मरायचंच असेल तर ते मी, हे त्या वर्षांत आमच्या घरात जणू ठरून गेलं होतं. पंजाबात अतिरेक्यांचा धुमाकूळ सुरू होता. बस अडवायची, माणसं निवडून खाली उतरवायची आणि गोळ्या घालायच्या, अशी बातमी पेपरात वाचायची आम्हाला सवय झाली होती. आणि मी रोज सकाळी चंदीगडहून बसनं खरडच्या कॉलेजात गणित शिकवायला जायचो. अंतर काही फार नाही, पण तेवढ्यातही वाळूच्या पोत्यांचे नाके, झडत्या, बंदुका. मी बसमध्ये मधोमध बसायचो. पुढचे आणि मागचे आधी सापडतात, असा माझा सिद्धांत होता. हिनं तो ऐकला आणि म्हणाली, "गणिताच्या मास्तरानं असलं काही बोलू नये रे. पोरं ऐकतील." चेष्टा करायची, पण मी घरात पाऊल टाकेपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा.

ही म्हणजे माझी बायको. सांगलीला आम्ही एकाच कॉलेजात होतो, त्यामुळे एकमेकांशी अरे-तुरेनंच बोलायचो. फक्त तिच्या आईसमोर ती मला 'अहो' म्हणायची आणि मला हसू आवरायचं नाही. चंदीगडला आलो ते तिच्यामुळे. तिथल्या एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये तिला संशोधनाची जागा मिळाली, तेव्हा मी सांगलीची नोकरी सोडली आणि तिच्या मागोमाग गेलो. बायकोचा पदर धरून पंजाबात गेला, असं नातेवाइकांनी म्हणून घेतलं. म्हणू देत. मला तिच्या कामाचा अभिमान होता.

तिचं काम होतं फुप्फुसातल्या बुरशीचं. ओल्या गव्हावर, भिजलेल्या तुसावर जी हिरवट काळी बुरशी येते तिची धूळ आपण सगळेच श्वासाबरोबर आत घेतो. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्यांच्या फुप्फुसात आधीच्या आजारानं खळगे पडलेले असतात, त्यांच्यात कधी कधी ती घर करते, आणि मग माणूस खोकून खोकून रक्त टाकतो. तिकडच्या डॉक्टरांपुढे प्रश्न असायचा की हा टीबी की बुरशी? एक्स-रेवर दोन्ही सारखेच दिसतात, औषधं मात्र पूर्ण वेगळी. त्याचं उत्तर हिच्या लॅबमधून जायचं.

ते उत्तर कसं काढतात हे तिनं मला स्वयंपाकघरातच समजावून सांगितलं होतं. आपल्या रक्तात बी पेशी असतात. बाहेरचं काही अंगात शिरलं की त्या नेमकी त्याच्या मापाची प्रतिपिंडं करून रक्तात सोडतात. लॅबमध्ये काचेच्या बशीत चायना ग्राससारखी जेली ओततात, तिला छोटी भोकं पाडतात. मधल्या भोकात बुरशीचा अर्क, भोवतालच्या भोकांत रुग्णांच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सिरम. दोन्ही जेलीतून एकमेकांकडे सरकतात. सिरममध्ये त्या बुरशीची प्रतिपिंडं असली तर जिथं भेट होते तिथं एक पांढरी रेघ उमटते. रेघ आली तर बुरशी. रेघ नाही तर बुरशी नाही. "एवढं सोपं?" मी विचारलं. "तुझ्या गणितापेक्षा सोपं," ती म्हणाली.

आता अशा प्रत्येक बशीत एका भोकात निरोगी माणसाचं सिरम घालावं लागतं, तुलनेसाठी. त्याला लॅबमध्ये 'निगेटिव्ह' म्हणायचे. एरवी निरोगी रक्त मिळायला काय अडचण? पण त्या दिवसांत कधी कर्फ्यू लागायचा, कधी बंद असायचा. आजारी माणूस कसाबसा इस्पितळ गाठायचा, धडधाकट माणूस दंड पुढे करायला कशाला येईल? तेव्हा जगातल्या सगळ्या लॅबवाल्यांची जी खोड असते तीच यांनी केली. बाह्या वर केल्या आणि एकमेकांचं रक्त काढलं. पण पंजाबात जन्म गेलेल्या माणसाच्या नाकात सुगीची धूळ गेलेली असतेच. कुणाच्या सिरमला पुसट रेघ यायची, कुणाच्या अर्धवट. हिचं सिरम मात्र कोरं करकरीत. या बुरशीला रेघ नाही, त्या बुरशीला नाही, कशालाच नाही. तिच्या मॅडम, म्हणजे लॅबच्या प्रमुख, उंच आवाजाच्या पंजाबी बाई होत्या. त्यांनी बशी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "देखो जी, महाराष्ट्र का खून! इतना साफ खून मैंने आज तक नहीं देखा."

झालं. हिचं सिरम लॅबचं कायमचं निगेटिव्ह झालं. छोट्या छोट्या कुप्यांत भरून ते फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेलं असायचं आणि प्रत्येक बशीत त्याचा एक थेंब पडायचा. सगळा पंजाब आणि हरियाणा माझ्या बायकोच्या तुलनेत आजारी ठरत होता. घरी येऊन ती हे मिरवायची. मी म्हणायचो, "एवढं स्वच्छ रक्त, मग तुला बाराही महिने सर्दी कशी?" कारण तिला खरंच कायम काही ना काही असायचं. कान दुखायचा, कपाळ जड व्हायचं, छातीत घरघर असायची. लहानपणी तिला दोनदा-तीनदा न्यूमोनिया झाला होता. तिची आई त्याचं खापर सांगलीच्या नदीकाठच्या दमट हवेवर फोडायची, आम्ही चंदीगडच्या थंडीवर फोडायचो. हवा बदलली की आपण नवीन हवेला शिव्या देतो, रक्ताकडे कोण बघतं?

एका उन्हाळ्यात, गव्हाची मळणी चालू असताना, तिचा खोकला हटेना. संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं, आणि एका सकाळी बेसिनमध्ये लाल शिंतोडे. एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, टीबी असणार. आपल्या देशात असा डाग दिसला की आधी टीबीचंच नाव निघतं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण ही बुरशीवाली. ती म्हणाली, "आधी माझी बशी लावते, मग तुमच्या गोळ्या घेते."

तिनं स्वतःच्या दंडातून रक्त काढवून घेतलं आणि स्वतःच बशी लावली. दोन दिवसांनी ती घरी आली ती जिलबीचा पुडा घेऊन. "रेघ नाही," दारातूनच ओरडली, "बुरशी नाहीये रे, टीबीच आहे!" टीबी झाला म्हणून जिलबी आणणारं त्या शहरातलं आमचं एकमेव घर असेल. पण तिचा आनंद मला कळत होता. टीबीला औषध होतं, गोळ्या खाल्ल्या की माणूस बरा होत होता. बुरशीवरचं औषध म्हणजे शिरेतून घ्यायचं जहर, तेही लागू पडेलच असं नाही. आम्ही जिलबी खाल्ली. त्या बशीत रुग्णाच्या भोकात तिचं सिरम होतं, आणि शेजारी निरोगी माणसाच्या भोकातही तिचंच सिरम होतं, हे तिनं मला तेव्हा हसत हसत सांगितलं होतं. "दोन्हीकडं मीच," ती म्हणाली. आम्ही दोघंही हसलो. आज ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

गोळ्या सुरू झाल्या. उन्हाळा संपला, पावसाळा गेला, ती सुधारेना. उलट चेहऱ्याची हाडं वर आली. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. माझ्या कॉलेजातला पंजाबी भाषेचा प्राध्यापक, एक सरदारजी, माझ्याशी फार मायेनं वागायचा. त्याचे वडील खरडच्या धान्यमंडीत अडते होते. तो रोज विचारायचा, "भाबीजी का बुखार उतरा?" मी रोज म्हणायचो, उतरेल.

मग तो दिवस आला. खरडहून येताना आमची बस एका नाक्यावर अडवली. पुढे रस्त्यावर काहीतरी झालं होतं, काय ते कुणी सांगेना. शिपायांनी सगळ्यांना खाली उतरवून ओळीत उभं केलं. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? माझ्या शेजारचा म्हातारा जपजी पुटपुटत होता आणि मला शुभंकरोतीसुद्धा आठवत नव्हती. तासन्‌तास तसं उभं करून शेवटी सोडलं. घरी पोचलो तर दिवेलागण होऊन गेलेली. शेजारच्या रेडिओवर बस अडवल्याची बातमी लागली होती. हिनं मला खिडकीतून पाहिलं आणि ती धावत जिना उतरली. शेवटच्या पायरीवर आली, "आलास?" म्हणाली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. मग तिच्या तोंडातून रक्त आलं. शिंतोडे नव्हेत, ओंजळ भरून रक्त. ते माझ्या शर्टावर पडलं. त्या क्षणापर्यंत मी माझा जीव वाचला म्हणून देवाचे आभार मानत होतो. गोळी मला लागायची होती आणि रक्त हिच्या तोंडातून येत होतं, हे माझ्या डोक्यात शिरेचना.

तिला इस्पितळात भरती केलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की टीबीची औषधं चालत नाहीयेत, का ते कळत नाहीये, आणि पुन्हा असा रक्तस्राव झाला तर तिला वाचवता येईल याची खात्री नाही. मी विचारलं, बुरशी असेल का? ते म्हणाले, "लेकिन टेस्ट तो निगेटिव्ह है. आप ही की मिसेस की लॅब का रिपोर्ट है."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मॅडम वॉर्डात आल्या. भेटायला त्या रोजच यायच्या, पण त्या दिवशी त्यांचा आवाजच आला नाही. ओढणी एका खांद्यावरून लोंबत होती आणि हातात बशी होती, झाकणसुद्धा न लावलेली. लॅबमध्ये एक नवीन रसायन आलं होतं. सशाच्या रक्तापासून केलेलं, माणसाच्या कुठल्याही प्रतिपिंडांना पकडणारं. प्रतिपिंडं कसलीही असोत, गोवराची असोत नाहीतर घटसर्पाची, माणसाचं सिरम म्हटलं की या रसायनासमोर जाड रेघ यायलाच हवी. ते चांगलं आहे ना हे बघायला मॅडमनी फ्रीजरमधली हाताला लागतील ती सिरम त्याच्यासमोर लावली होती. सगळ्यांना दणदणीत रेघा आल्या. एकाला आली नाही. कुपी खराब झाली असेल म्हणून त्यांनी त्याच सिरमची दुसरी कुपी काढली. मग मागच्या वर्षीची. मग त्याच्याही मागची.

हे त्यांनी सगळं सांगितलंही नाही. बशी हिच्या हातात दिली आणि खाटेच्या कडेला बसून राहिल्या. हिनं बशी खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली. मला वाटलं ती रडेल. ती एखादं अवघड गणित सुटल्यावर पोरं बघतात तशी बघत होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"अरे, माझ्यात काहीच नाहीये."

"काहीच नाही म्हणजे?"

"प्रतिपिंडंच नाहीत. कसलीच नाहीत. मी निरोगी नव्हतेच रे कधी. मी कोरी होते."

मी गणित शिकवतो. शून्य हे उत्तर किती प्रकारांनी येतं हे मी पोरांना दर वर्षी सांगतो. शत्रू नसला तरी चौकीची वही कोरी राहते, आणि चौकीत शिपाईच नसला तरी कोरीच राहते. एवढी साधी गोष्ट त्या सगळ्या हुशार माणसांच्या नजरेतून सुटली, कारण तिचं रक्त त्यांना फार आवडलं होतं. आजारपणालाच त्यांनी तब्येतीचं माप केलं होतं. मला संताप आला, पण कुणावर काढायचा? मॅडम खाटेच्या कडेला बसून पदवीच्या वर्गातल्या मुलीसारख्या हमसून रडत होत्या आणि माझी बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्यानंतर फुप्फुसात नळी घालून आतला स्राव काढला. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेली बुरशी स्पष्ट दिसली. तिनं इतकी वर्षं जी दुसऱ्यांच्यात शोधली तीच. रक्ताच्या आणखी तपासण्या झाल्या. बी पेशी तिच्यात होत्या, पण त्या प्रतिपिंडं करत नव्हत्या. गिरणी होती, पट्टा फिरत होता, पीठ पडत नव्हतं. असं का, ते कुणालाच सांगता आलं नाही. लहानपणापासूनचे न्यूमोनिया त्यामुळेच झाले असणार, त्यांनीच फुप्फुसात खळगे केले असणार आणि बुरशीनं ते गाठले असणार.

शिरेतून ते जहर सुरू झालं. त्यानं हुडहुडी भरायची, खाट हालायची. तशातही तिचा आणि मॅडमचा वाद चालायचा. तेव्हा जाणत्यांचं मत असं होतं की बुरशीला मारतात त्या गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. बी पेशींची प्रतिपिंडं ही नुसती पावती, चोर येऊन गेल्याची. मॅडमही तेच म्हणायच्या. ही दात वाजत असताना म्हणायची, "मॅडम, पावती ही थी तो मेरा ये हाल क्यों हुआ? मेरे व्हाइट सेल्स तो ठीक हैं!" तिला वाटायचं की प्रतिपिंडं बुरशीला चिकटत असतील, आणि चिकटल्यामुळेच गिळणाऱ्या पेशींना ती ओळखू येत असेल. मॅडम म्हणायच्या, खळगे होते म्हणून झालं. खरं काय ते त्या दोघींनाही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की दोघी भांडत आहेत तोवर ही जिवंत आहे.

पण एका गोष्टीवर दोघींचं एकमत होतं. तिला दुसऱ्यांची प्रतिपिंडं द्यायला हवीत. म्हणजे निरोगी माणसांच्या रक्तातला प्लाझ्मा, दर महिन्याला, जन्मभर. नाहीतर बुरशीनं सोडलं तरी दुसरं काहीतरी तिला नेईल. आणि द्यायचाच आहे तर ज्यांच्या सिरमला या बुरशीची जाड रेघ येते पण स्वतः ठणठणीत आहेत अशांचा द्यावा, असा हिचा हट्ट. "पावती तर पावती," ती म्हणाली, "जाडजूड द्या."

अशी माणसं कुठं मिळणार? मी कॉलेजात त्या सरदारजी मित्राला सांगितलं. त्यानं मला सरळ मंडीत नेलं. तिथं पोती उतरवणारे गडी असतात, पल्लेदार म्हणतात त्यांना. जन्म गव्हाच्या धुळीत गेलेला. मित्राच्या वडिलांनी त्यांना गोळा करून माझी अडचण सांगितली. मी वेड्यावाकड्या हिंदीत बोलत होतो आणि मला खात्री होती की कुणी येणार नाही. जगातली कुठलीही भीती असली तरी रक्त द्यायची भीती वेगळीच, आणि त्यात हे सगळे पगडीवाले तरुण. त्या दिवसांत तरुण सरदार पोरं गटानं शहराकडे निघाली की नाक्यावर आधी त्यांचीच मानगूट धरायचे. ते मला ठाऊक होतं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ती आली. नाक्यावर त्यांना उतरवलं, भिंतीकडे तोंड करून उभं केलं, पगड्या चाचपल्या. मी मधे पडून माझं ओळखपत्र दाखवत राहिलो. शेवटी एका वयस्कर हवालदाराला दया आली. इस्पितळात पोचल्यावर त्यातला एकजण मला म्हणाला, "प्रोफेसर साब, सुई छोटी वाली लगवाना." बंदुकीसमोर न बोललेलं पोर सुईला घाबरत होतं. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

मॅडमनी त्यांच्या बशा लावल्या. रेघा अशा जाड की हातानं चाचपता येतील असं वाटावं. ज्यांचे रक्तगट जुळले त्यांचा प्लाझ्मा हिला चढवला. महिन्या-दोन महिन्यांनी ताप गेला. जहरानं काम केलं की पल्लेदारांनी, याचा निवाडा डॉक्टरांनीही केला नाही. पुढच्या एक्स-रेवर डाग आक्रसला होता. तिनं स्वतःचं सिरम पुन्हा लावलं तर एक बारीक रेघ आली होती. ती रेघ तिची नव्हती. तरी दिवसभर ती बशी हातात घेऊन बसली.

त्यानंतर पंजाब आणखी बिघडला. सासूबाईंचे ट्रंककॉल यायला लागले. "तिकडनं निघा. त्या लोकांत राहू नका. माझी पोर मला जिवंत पाहिजे." मलाही निघावंसं वाटायचं. पण मंडीतली पोरं दर महिन्याला पाळीपाळीनं येत होती. मुंबईला प्लाझ्मा मिळाला असता, अशा जाड रेघांचा मिळाला असता का? तपासून कोण देणार होतं? ज्या मुलुखातून जीव वाचवायला लोक पळत होते, तिथून हलली तर माझी बायको मरण्याचा धोका होता. हे सासूबाईंना फोनवर कसं सांगायचं?

दोन वर्षांनी तिला दिवस गेले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण ती ठाम होती. मग प्रश्न आला बाळंतपणाचा. पहिलं बाळंतपण माहेरी, हे सांगलीकडं कुणाला सांगावंही लागत नाही. सासूबाईंनी डिंक-अळीव आणून ठेवलं होतं. हिनं फोनवर सांगितलं, "आई, मी येत नाही. माझं माहेर सध्या इथल्या इस्पितळाच्या फ्रीजमध्ये आहे." सासूबाईंनी फोन ठेवला. आणि ज्या बाईनं कधी मिरजेच्या पुढची गाडी पकडली नव्हती, ती एका शेजाऱ्याच्या सोबतीनं डब्यांची गाठोडी घेऊन चंदीगडला उतरली. स्टेशनवर एखादी पगडी दिसली तरी पदर ओढून घ्यायची. घरात आल्यावरही दाराची कडी दोनदा बघायची.

मुलगी झाली. नाळेतून थोडं रक्त लॅबमध्ये गेलं. आई बाळाला पोटात असतानाच आपली प्रतिपिंडं देते, हे मला माहीत नव्हतं. आणि ज्या आईची स्वतःची नाहीत ती काय देते हा प्रश्न तर मला सुचलाही नव्हता. मॅडम बशी घेऊन वॉर्डात आल्या. या वेळी त्यांचा आवाज जिन्यापासून ऐकू येत होता. बशीत आमच्या लेकीच्या भोकासमोर रेघ होती, स्वच्छ, पांढरी. मी बघतच राहिलो. चार दिवसांची पोर, जिनं अजून इस्पितळाबाहेरची हवासुद्धा खाल्ली नव्हती, तिच्या अंगात खरडच्या मंडीतली सुगी होती.

सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हिनं त्यांना समजेल असं सगळं सांगितलं. "आई, ही मोठी होऊन स्वतःचं करायला लागेपर्यंत हिला जे काही राखणार आहे ना, ते माझं नाही. माझ्याकडं द्यायला काहीच नव्हतं. ते इथल्या मंडीतल्या पोरांचं आहे." सासूबाई बाळाच्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्यांना धक्का बसलाय हे दिसत होतं. मला वाटलं, आता सोवळं-ओवळं काढतील, नाहीतर रडतील.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "ती पोरं राहतात कुठं?"

"खरडला."

"मग मला तिकडं घेऊन चला."

मी नको म्हणालो. दिवस वाईट आहेत, बस अडवतात, पुन्हा कधीतरी जाऊ. त्यांनी ऐकलं नाही. सांगलीहून आणलेले लाडू एका डब्यात भरले, नऊवारीच्या निऱ्या नीट केल्या आणि माझ्याबरोबर बसमध्ये चढल्या. डबा मांडीवर आणि दोन्ही हात डब्यावर. नाक्यावर बस थांबली. बंदूक खांद्याला लावलेला शिपाई आत चढला, एकेकाला विचारत आमच्यापर्यंत आला. नऊवारीतली म्हातारी त्यानं कधी पाहिली नसावी.

"माताजी, किधर जा रहे हो?"

मी बोलायच्या आत सासूबाईंनी मान वर केली आणि मराठीतच सांगितलं, "नातेवाइकांकडं."

त्याला कळलं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी तेवढ्या एका शब्दाचं हिंदी केलं, "रिश्तेदारों के यहाँ."